पॅडलच्या मागचं काम

शनिवार, रात्री

कॉम्प्युटरवरच्या गाडी चालवायच्या खेळासाठी घरीच कॉकपिट बांधतोय, म्हणजे खरी सीट, स्टिअरिंग आणि पॅडल बसवलेला सांगाडा. त्यासाठी आज मारुती 800 चा अख्खा पॅडल बॉक्स मिळाला. क्लच, ब्रेक, रेस, तिन्ही पॅडल जागच्या जागी, वरची रबरंसुद्धा शाबूत. रनरसकट, म्हणजे मागं-पुढं सरकायच्या पट्ट्यांसकट सीट आणि स्टिअरिंगचा दांडा आधीच आणून ठेवलाय. सगळं जुन्या गाड्या मोडणाऱ्याकडून पावती करून घेतलं. घरात आलेला प्रत्येक भाग कुठल्या गाडीचा, हे विचारल्यावर सांगता आलं पाहिजे. या बाबतीत मी कडक आहे.

पुतणीनं विचारलं, "काका, 800 च का?" डिसेंबर 1983 ला आलेली ही गाडी 2014 च्या सुरुवातीपर्यंत बनत होती. गेवराई असो की गंगाखेड, कुठल्या तरी गॅरेजच्या मागं एखादी उभी असतेच. शिवाय तिच्यात सगळं हाताला कळणारं आहे. क्लचला केबल, रेसला केबल, ब्रेकला तेल. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे स्टिअरिंगमध्ये एअरबॅग नाही. आपल्याकडे 1 जुलै 2019 पासून चालकाची एअरबॅग सक्तीची झाली. त्यामुळे अलीकडच्या गाडीचं स्टिअरिंग कितीही स्वस्तात मिळालं तरी ते घरी उघडू नये. आत स्फोटक भरलेलं असतं, नुसतं मल्टिमीटर लावून बघायला गेलं तरी ते उडू शकतं. टूलरूममध्ये नव्यानं आलेल्या पोरांनाही मी हे सांगत असतो.

बॉक्स फरशीवर ठेवून ब्रेक दाबला. रिकामं पोतं दाबावं तसा पाय सरळ खाली गेला. हेच पॅडल गाडीत असताना पायाला किती काय काय सांगत होतं. सुरुवातीची थोडी ढील, मग पॅड टेकल्याचं जाणवणं, मग दाबावं तसं घट्ट होत जाणं. हे सगळं पुढच्या तेलातून, मास्टर सिलिंडरमधून आणि इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालणाऱ्या बूस्टरमधून येतं. बंद गाडीत ब्रेक दोन-चारदा दाबला की पॅडल दगडासारखं होतं, ते बूस्टरमधला व्हॅक्यूम संपल्यामुळं. क्लचचा जोर डायफ्राम स्प्रिंगचा, म्हणजे क्लचमधल्या ताटलीसारख्या स्प्रिंगचा. आपण आणलं ते नुसतं लोखंडाचं तरफकाम. त्याच्या मागं जे होतं ते गाडीतच राहिलं, आणि आता ते आपल्याला बांधायचंय. कॉकपिटचं खरं काम एवढंच आहे असं माझं मत झालंय.

रविवार

सकाळी फ्रेम उभी केली. 40 बाय 40 चा चौकोनी पाइप, जाडी 2 मिमी. जोरात ब्रेक मारताना माणूस पाठीनं सीट मागं ढकलतो आणि पायानं पॅडल पुढं ढकलतो, म्हणून सीट आणि पॅडल एकाच सांगाड्यावर हवेत. ऑफिसच्या चाकं असलेल्या खुर्चीत बसून खेळणारी पोरं ब्रेक मारला की मागं सरकतात, त्याचं कारण हेच. आधी सगळीकडं टॅक, म्हणजे वेल्डिंगचे नुसते ठिपके मारले, कर्ण मोजले, सारखे आल्यावरच पूर्ण वेल्डिंग केलं. सीटचे रनर तसेच ठेवले. घरात सहा फुटी माणूसही आहे आणि पुतणीही बसणार आहे.

दुपारनंतर ब्रेक. आज मन त्यातच होतं.

तयार पॅडलचे बरेच स्वस्त सेट पाय किती खाली गेला ते मोजतात. चालवणाऱ्याचा पाय मात्र अंतर लक्षात ठेवत नाही, जोर लक्षात ठेवतो. म्हणून ब्रेकला जोर मोजणारा लोड सेल हवा. तो मिळाला मोंढ्यात. सोयाबीन, तूर मोजायच्या इलेक्ट्रॉनिक काट्याचा प्लॅटफॉर्म सडला होता, पण आतला ॲल्युमिनियमचा लोड सेल ठणठणीत होता, 200 किलोचा. काटा दुरुस्त करणाऱ्यानं तो आधी वजन ठेवून तपासून दिला आणि मगच पैसे घेतले. असा माणूस भेटला की बरं वाटतं.

200 किलोचा का, तर पॅडल ही तरफ आहे. पॅडल जिच्यावर फिरतं त्या खुंटीपासून पाय ठेवायच्या जागेपर्यंतचं आणि खुंटीपासून पॅडल ज्याला ढकलतं त्या दांड्याच्या पिनपर्यंतचं अंतर मोजलं, तर आमच्या बॉक्सवर साधारण चारपट आलं. म्हणजे पायानं 30 किलो दिले की दांड्यावर 120 किलो. पन्नास किलोचा सेल टिकलाच नसता.

बूस्टर होता तिथं लोड सेलची पट्टी एका टोकाला फ्रेमवर आवळली, दुसऱ्या टोकावर दांडा आणला. मध्ये आधी एक मऊ स्प्रिंग, मग शॉकअबसॉर्बरच्या वरच्या माउंटिंगचे रबर बुश, एक मऊ आणि दोन कडक. मऊ स्प्रिंग म्हणजे ढील, मऊ रबर म्हणजे पॅड टेकणं, कडक रबर म्हणजे पुढचा जोर. बुशांची अदलाबदल करून बघण्यात संध्याकाळ गेली. दोन्ही कडक आधी लावले तर पाय भिंतीवर आपटल्यासारखा थांबतो. मऊ आधी आणि कडक मागं लावल्यावर पहिल्यांदा पायाला ओळख पटली.

इलेक्ट्रॉनिक्सचं सगळं पुतणीचं. तिनं समजावलं ते इथं लिहून ठेवतो, माझ्याच उपयोगाचं आहे. लोड सेलमध्ये चार स्ट्रेन गेज, म्हणजे ताण आला की रेझिस्टन्स बदलणाऱ्या पातळ पट्ट्या, ब्रिजमध्ये जोडलेले असतात. पाच व्होल्ट दिले तर पूर्ण वजनाला जेमतेम दहा मिलिव्होल्ट निघतात. ते मोठं करून आकड्यात आणायला एचएक्स 711 नावाची चिप लागते. ही चिप मुळात वजनकाट्यासाठीचीच आहे आणि मॉड्यूलवर ती सहसा सेकंदाला 10 रीडिंग देईल अशी जोडलेली असते. धान्याच्या काट्याला ते पुरतं. आपण ताशी 100 किलोमीटरनं चाललो असलो तर गाडी सेकंदाला जवळजवळ 28 मीटर जाते, म्हणजे दोन रीडिंगमध्ये पावणेतीन मीटर. तेवढ्यात वळण निघून गेलेलं असतं. तिनं चिपचा रेटचा पाय, म्हणजे वेग ठरवणारी पिन, सोल्डर काढून उचलला आणि व्होल्टेजला जोडला, आता सेकंदाला 80 रीडिंग येतात. पावणेतीन मीटरचे 35 सेंटिमीटर झाले. बोटाच्या नखाएवढी ती चिप, तिचा एवढासा पाय, आणि पुतणी ते भिंगाखाली धरून किती निवांत काम करत होती!

बोर्ड तिनं मुद्दाम 32यू4 चिपचा घेतला. तो कॉम्प्युटरला थेट जॉयस्टिक म्हणून दिसतो, वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

मंगळवार

स्टिअरिंगचं काम वाळूजला जोडीदाराच्या लेथवर झालं. 800 चं चाक स्प्लाइनवर, म्हणजे दांड्यावरच्या उभ्या दातांवर बसतं, वरून नट. मूळ दांड्याचा स्प्लाइनचा तुकडा कापून घेतला, त्याला धरणारा बॉस, म्हणजे गोल कॉलर टर्न केला, गोल प्लेटमध्ये दाबून बसवला आणि समोरासमोर टॅक मारत वेल्ड केला. एकाच बाजूनं वेल्ड ओढला की प्लेट वाकते आणि मग चाक फिरताना डुलतं. गार झाल्यावर पुन्हा चकमध्ये धरून प्लेटचं तोंड सपाट करून घेतलं. डायल लावला, काटा 0.05 मिमीच्या आत राहिला. जोडीदार म्हणाला, खेळण्याला एवढं कशाला? हात चाकावर तासभर असतो, त्याला सगळं कळतं.

चाक ज्याला जोडायचं तो, हाताला रस्त्याचा जोर देणारा मोटरचा बेस जुना, सेकंडहँड आहे, फार ताकदीचा नाही. चाक जितकं मोठं आणि जड तितकी छोटी मोटर ते हलवताना दमते, आणि रस्त्याचे बारीक हादरे हातापर्यंत येतच नाहीत. म्हणून मूळ चाकाच्या मधलं हॉर्नचं सगळं सामान काढून टाकलं. प्लेटही मध्ये पोखरली.

शुक्रवार, उशिरा

अण्णा अंबाजोगाईहून आले. आयुष्य एसटीच्या स्टिअरिंगवर गेलेला माणूस. चहा झाल्यावर न सांगता सीटवर जाऊन बसले, रनर मागं सारला, आरसा बघितल्यासारखी मान वळवली आणि क्लच दाबला.

"ह्याला पकडच लागंना की रे."

बरोबर होतं. मी क्लचला साधी खेचायची स्प्रिंग लावली होती, ती शेवटपर्यंत जडच होत जात होती. डायफ्राम स्प्रिंगचं तसं नसतं. जोर आधी चढतो, मग थोडा उतरतो, आणि त्या उतारातच पायाला पकड कळते. अण्णांनी तळहातानं हवेतच दाखवलं, "इथं जड, इथं सुटायला लागतंय, अन् इथं गाडी हलायली."

उत्तर दारात उभं होतं. मोटरसायकलच्या साइड स्टँडची स्प्रिंग. स्टँड खाली करताना ती आधी ताणते, मग खुंटीच्या रेषेच्या पलीकडं गेली की उलट्या बाजूनं ओढते. पॅडलवर ती रेष पूर्ण ओलांडू द्यायची नाही, नाही तर पॅडल खालीच चिकटून राहील. रेषेच्या जवळ येईल इतकंच जाऊ द्यायचं. स्प्रिंग ताणलेलीच राहते पण तरफेचा हात आखूड होत जातो, म्हणून जोर उतरतो. स्प्रिंगचा हूक अडकवायला पट्टीला जवळजवळ भोकं मारून ठेवली आणि अण्णा प्रत्येक भोकाला बसून सांगत गेले. "वर घे. अजून. हां, हे चांगलं झालंय."

क्लच आणि रेसला हॉल सेन्सर, म्हणजे चुंबक किती जवळ आलं ते ओळखणारा सेन्सर, आणि चुंबक लावलंय. कार्बनच्या पॉटमध्ये, म्हणजे रेडिओच्या आवाजाच्या बटणासारख्या पोटेन्शिओमीटरमध्ये, आपल्याकडची धूळ शिरते आणि रीडिंग उड्या मारायला लागतं. हॉलमध्ये घासणारं काही नाही.

ब्रेकवर मात्र अण्णांचं आणि माझं जमलं नाही. एसटीला हवेचा ब्रेक. पाय फक्त व्हॉल्व्ह उघडतो, जोर टाकीतली हवा लावते. त्यामुळं आमचा ब्रेक त्यांना फारच जड वाटला. मग बोलता बोलता मांजरसुंब्याचा घाट निघाला. तो उतरून बीडला यायचं, तेव्हा ते गियर आधीच खाली घ्यायचे आणि ब्रेकवर पाय धरून ठेवायचे नाहीत. ड्रम तापले की ब्रेक पातळ होतो, हे त्यांनी मला लहानपणीही सांगितलं होतं. आज पहिल्यांदा ते मला पायानं समजलं. पुतणीनं प्रोग्राममध्ये दोन सेटिंग केल्या आहेत: एक 30 किलोला पूर्ण ब्रेक, एक अण्णांसाठी 12 किलोला. एका बटणावर बदलतं. अण्णा रात्री साडेअकरापर्यंत ट्रक चालवत होते, एकदाही गियर कुठला पडलाय ते खाली बघितलं नाही.

तयार कॉकपिट काही लाखांतही मिळतात आणि चांगलेच असतात. पण अण्णांच्या पायाला बेतलेला क्लच कुठल्याही दुकानात मिळाला नसता, हे मला आज मनापासून वाटलं.

शनिवार

वीज गेली की मोटर एकदम मरते आणि चाक हातात सैल पडतं. घरचा इन्व्हर्टर लागेपर्यंत कॉम्प्युटरही बंद पडतो. त्याला वेगळा यूपीएस घ्यायचा ठरलंय.

राहिला हँडब्रेक. तोही 800 चाच आहे. रॅचेटचं दाताचं चाक तसंच ठेवून त्यात अडकणारी जीभ काढायची, म्हणजे ओढला तरी अडकणार नाही आणि सोडला की परत येईल. रॅलीच्या खेळात तसाच लागतो. खालच्या केबलच्या जागी खेचायची स्प्रिंग आणि मोंढ्यातल्या त्याच माणसाकडचा दुसरा, छोटा लोड सेल. वरचं बटण पुतणीला हवंय, गाडी चालू करायला. वायर नळीतून आतून नेता येते का, ते उद्या हँडब्रेक खोलून बघू.