हाताआडचा चंद्र

मे महिन्यात कूलरही गरम वारा फेकू लागला, की नागपुरात आमच्या घरी गच्चीवर गाद्या टाकण्याची पद्धत अजून टिकून आहे. संध्याकाळी सहाला तापलेल्या गच्चीवर बादल्यांनी पाणी मारायचे आणि सकाळी सहाला, ऊन अंगावर यायच्या आत, गाद्या गुंडाळायच्या. या दोन कामांच्या मधल्या वेळात अमाल्थिया नावाचा एक चंद्र गुरूभोवती पूर्ण प्रदक्षिणा घालून येतो. त्याला लागतात ११ तास ५७ मिनिटे.

हा चंद्र म्हणजे बटाट्यासारखा वेडावाकडा, तांबूस गोळा. त्याची लांबी सुमारे २५० किलोमीटर, म्हणजे आपल्याकडून अकोल्यापर्यंत जाऊन संपेल इतकीच. गॅलिलिओने १६१० मध्ये गुरूचे चार मोठे चंद्र पाहिले. पाचवा सापडायला १८९२ साल उजाडावे लागले. तो त्या चौघांहून गुरूच्या अधिक जवळ होता आणि नेमके तेच त्याला भोवले, कारण इतक्या झगमगाटाच्या कुशीत फिरणारा क्षीण ठिपका कोणाच्या डोळ्यांत भरणार? कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेच्या ३६ इंची दुर्बिणीतून एडवर्ड बार्नार्ड यांनी गुरूला नजरेआड ठेवून त्याच्या कडेचा अंधार धुंडाळला, तेव्हा कुठे ९ सप्टेंबरच्या रात्री तो हाती लागला. केवळ डोळ्यांनी, छायाचित्राच्या मदतीवाचून सापडलेला ग्रहांचा तो शेवटचा चंद्र.

ग्रीक कथेत अमाल्थिया ही तान्ह्या झ्यूसला शेळीच्या दुधावर वाढवणारी दाई आहे (काहींच्या मते ती शेळीच). झ्यूस म्हणजेच रोमनांचा ज्युपिटर, आपला गुरू. नाव ठेवणाऱ्याला मला दाद द्यावीशी वाटते. वाढवलेले पोर एवढे थोर झाले, की तिच्या आकाशात क्षितिजापासून माथ्यापर्यंतच्या निम्म्या उंचीला पुरेल एवढे त्याचेच बिंब. आणि ती मात्र सदैव एकच बाजू त्याच्याकडे वळवून फिरते आहे, जशी लेकाच्या ताटावरून नजर न हलवणारी आमची आजी.

आमच्या गच्चीसमोर आता पांढऱ्या झोताचा पथदिवा आला आहे. परवा त्याच्यावर तळवा आडवा धरून मी पश्चिमेकडचा गुरू शोधत होतो. अमाल्थिया दिसणार नाही हे ठाऊक होते, तरी त्याच्या कडेला जरा अधिकच वेळ पाहत राहिलो. शेजारच्या गादीवरून मुलाने विचारले, “बाबा, इतक्या रात्री कोणाला टाटा करताय?”