काटोल रोड ओलांडायचा कसा?

अंबाझरी, फुटाळा, सेमिनरी हिल्स, गोरेवाडा. नागपूरच्या पश्चिमेला दोन तलाव, एक टेकडी आणि एक जंगल असे जवळजवळ ओळीने आहेत. ते पायवाटेने आणि सायकलवाटेने जोडायचं काम आमच्या टीमकडे होतं. मध्ये आडवे येतात अमरावती रोड आणि काटोल रोड.

त्या रविवारी समाजभवनात सतरंजीवर भलामोठा नकाशा अंथरला. रोजच्या वाटेवर हिरवी रेघ ओढा, जिथून जायची भीती वाटते तिथे लाल, एवढंच लोकांना सांगितलं. सायकलवाले आले, सकाळी फिरणारी निवृत्त मंडळी आली. त्यांनी सावली आणि पाणी मागितलं. उन्हाळ्यात पारा 45 च्या वर जातो त्या गावात ही चैन नाहीच. कुठल्या कडुनिंबाला हात लावायचा नाही, तेही त्यांनी खुणा करून दाखवलं.

मागे उभ्या असलेल्या एका मावशींना पेन दिला.

"मी फिराले नाही जात जी, कामावर जातो," त्या म्हणाल्या.

गोरेवाड्याकडच्या वस्तीतून सेमिनरी हिल्सच्या बंगल्यांत त्या धुणीभांड्याला येतात. बोट सरकत सरकत काटोल रोडवर थांबलं. "सकाळी जमते. संध्याकाळी गाड्या थांबत नाही, वरून अंधार. पोरगी सोबत असली का ऑटो करा लागते." धुणीभांड्याच्या पगारातून ऑटो!

त्यांनी लाल रेघ ओढली आणि बाकीच्या बायका पुढे सरकल्या. इतक्या रेघा एकाच जागी पडल्या की शाई कागदाच्या पाठीमागे उतरली. त्यांच्या हिरव्या रेघांत कुंपणाला लागून जाणारी एक पायवाट निघाली. आमच्या सर्वेक्षणात ती नव्हतीच.

एका गुराख्याने वेगळंच बजावलं: नाल्याच्या काठाने वाट नेऊ नका, तिन्हीसांजेला बिबट्या पाण्यावर येतो. हे मला फार मोलाचं वाटलं. गोरेवाड्याचं जंगल आधी त्याचं आहे. तिथली वाट नाल्यापासून लांब असावी आणि दिवस मावळताच बंद व्हावी, हे तिथेच ठरलं.

ऑफिसात मात्र वाद झाला. तलावाकाठचा भाग आधी केला तर फोटो चांगले येतात, काम झालेलं दिसतं. मी लाल रेघांचा नकाशाच टेबलावर ठेवला आणि हटले नाही. शेवटी पहिल्या टप्प्यात दोन्ही रस्त्यांवर सिग्नलसह क्रॉसिंग, दिवे आणि ती कुंपणाची पायवाट घेतली. तलावाचा काठ दुसऱ्या टप्प्यात गेला.

पुढची बैठक वस्तीतच आहे, रात्री 8 वाजता. त्याआधी या बायका मोकळ्या होत नाहीत.