टॉप लिंकचे उलटे आटे

सकाळी गाळा उघडतोय तोवर एक शेतकरी ट्रॅक्टरची टॉप लिंक, म्हणजे मागचं अवजार वरच्या बाजूनं ट्रॅक्टरला धरणारा जोड, घेऊन दारात. तिच्या मधल्या नळीच्या एका टोकाला सुलटे आटे असतात, दुसऱ्या टोकाला उलटे. त्यामुळे नळी फिरवली की दोन्ही दांडे एकदमच आत जातात, नाहीतर एकदमच बाहेर येतात. मोडला होता तो नेमका उलट्या आट्यांचा दांडा.

"संध्याकाळी न्या," असं मी बोलून बसलो. सुलटे आटे रोजचेच. उलटे मात्र कधी पाडले नव्हते.

मोडक्या तुकड्याला पिच गेज, म्हणजे आटे मोजायची दातेरी पट्टी, लावला. इंचाला 7 आटे, कोन 60 अंश, व्यास एक इंच एक सूत. आमच्या लेथचा लीड स्क्रू (टूल सरकवणारा लांब आट्यांचा दांडा) इंचाला 4 आट्यांचा, म्हणजे वर 40 चा गिअर, खाली 70 चा. इथवर काही अडलं नाही. ईएन-8 पोलादाचा 32 मिलिमीटरचा बार साडेअठ्ठावीसवर आणला आणि मग अक्कल पाजळली. आटे उलटे हवेत ना? मग मोटर उलटी फिरवू. टूल पालथं बांधलं, मोटर रिव्हर्सला टाकली. टूल वाहणारं कॅरेज चककडून, म्हणजे बार पकडणाऱ्या डाव्या टोकाकडून, उजवीकडच्या टेलस्टॉककडे निघालं, मी खूश. बारीक कट मारून बार मोडक्या तुकड्याशेजारी धरला, तर उतार भलतीकडेच.

शेजारच्या गाळ्यातले मामा बघत होते. "अरे लेका, चकबी उलटा आणि कॅरेजबी उलटं, म्हणजे सुलटंच झालं की! दोघांतलं एकच उलटं कर." मग आवाज चढला. आमचा चक स्पिंडलवर, म्हणजे त्याला फिरवणाऱ्या दांड्यावर, आट्यांनी बसतो. रिव्हर्समध्ये जोराचा कट लागला असता तर तो उकलून अंगावर आला असता. ते ऐकून मात्र पोटात गोळा आला.

म्हणजे चक नेहमीसारखाच फिरवायचा आणि लीड स्क्रूची दिशा तेवढी बदलायची. त्यासाठी हेडस्टॉकला, म्हणजे चकमागच्या पेटीला, दिशा बदलणारा टम्बलरचा दांडा असतोच. पण तो अडकवायचं दुसऱ्या बाजूचं भोक कितीतरी वर्षांच्या ग्रीस-बुरानं भरलेलं, पिन बसेना. स्क्रूड्रायव्हरनं कोरून काढण्यातच अर्धा तास गेला.

आता टूल चककडून बाहेर येणार, म्हणून चकच्या बाजूला आधी खाच हवी. पाच मिलिमीटर रुंद, आट्यांच्या खोलीपेक्षा जराशी जास्त खोल, म्हणजे अडीच मिलिमीटर. चक थांबलेला असताना टूल खाचेत उतरवायचं आणि मग मोटर चालू करायची. चक सावकाश फिरावा म्हणून बॅक गिअर टाकला, कॅरेजला लीड स्क्रूशी जोडणारा हाफ नट शेवटपर्यंत उघडलाच नाही. दर कटनंतर टूल मागे ओढून मोटर उलटी करायची आणि खडूच्या खुणेपर्यंत परत यायचं. या उलट्या फेरीत टूल हवेत असतं, त्यामुळे चकवर जोर येत नाही. कंपाउंड, म्हणजे टूलखालची तिरकी वळणारी स्लाइड, एरवीच्या विरुद्ध अंगाला वळवायला हवा होता, पण हँडल चकजवळ जायला लागलं. मग तो नाद सोडून टूल सरळ आत नेणाऱ्या क्रॉस स्लाइडनंच बारीक बारीक कट दिले.

तरी चौथ्या कटला आटे फाटायला लागले. टूल काढून पाहिलं तर उजवी कड घासून चकचकीत झालेली. एरवी टूल डावीकडे सरकतं, म्हणून डाव्या कडेला उतार जास्त ठेवून मी घासतो. इथं ते उजवीकडे चाललेलं, आणि या आट्यांचा कल अडीच अंश. उजवी कड ग्राइंडरवर जास्त उतरवली, टूल पुन्हा गेजनं जुळवलं आणि बोटानं तेल लावत राहिलो. मग बुर सुटा, कुरळा निघायला लागला.

नळी दोनदा घालून पाहिली, दोन्ही वेळा अडकली. अजून दोन नखभर कट दिले आणि ती दांड्यावर सुरसुरत चढली. जुन्या दांड्याच्या टोकाची गोळी नव्या दांड्याला वेल्ड करून सातला टॉप लिंक ताब्यात दिली.

दुसऱ्या दिवशी पहिलाच साधा बोल्ट लावला, हाफ नट दाबला आणि कॅरेज सरळ टेलस्टॉककडे चालायला लागलं. टम्बलर मी तसाच ठेवला होता. भिंतीपलीकडून मामांचा खोकला ऐकू आला, बहुतेक हसत होते.