अक्कलदाढ काढली तरी जबडा दुखतच राहिला

मागच्या हिवाळ्यात आमच्या वावरात रोडग्यांचा कार्यक्रम होता. गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी, सगळे पाहुणे जमलेले, आणि मी पहिलाच घास चावला तर उजव्या कानासमोर कट् झालं आणि तोंड तिथंच अडकलं. दोन बोटंही आत जाईनात. सासूबाई म्हणे, "काहून वं, ताट तसंच ठेवलं?" मला धड बोलताही येईना, डोळ्यात पाणीच आलं.

दुखणं तसं नवीन नव्हतं. आठ-दहा महिन्यांपासून कान, कानशील आणि उजवी दाढ सगळं मिळून दुखून राहिलं होतं, सकाळी उठलं की जास्त. आधी कोणी सांगितलं म्हणून कानात कोमट तेल टाकलं (हे कोणी करू नका). मग कानाच्या डॉक्टरकडे गेली, ते म्हणे कान एकदम साफ आहे. मग तालुक्याच्या ठिकाणी एका दातांच्या दवाखान्यात दाखवलं, तिथं एक्स-रे काढला, अक्कलदाढ वाकडी आहे म्हणून सांगितलं आणि ती काढून टाकली. महिनाभर मी वाट पाहिली की आता थांबेल, मग थांबेल. दाढ गेली, दुखणं जागच्या जागी. त्या दाढेला हात लावला तर ती कधीच दुखत नव्हती, हे मी सांगितलंही होतं. मला याचा अजूनही त्रास होतो. कानासमोर बोट ठेवून कोणी एकदा तोंड उघडायला लावलं असतं तर तिथंच कळलं असतं.

आमचं गाव आर्वीकडचं. रोडग्यांच्या दुसऱ्या दिवशी एसटीनं वर्धा गाठलं आणि जबड्याच्या सांध्याचं काम करणाऱ्या दातांच्या मॅडमकडे गेली. बसल्या बसल्या पहिला प्रश्न, "ताई, खर्रा खाता का?" (खर्रा म्हणजे सुपारी-तंबाखू-चुना घोटून केलेलं मिश्रण.) मला राग आला आधी, पण त्यांचं बरोबर होतं. आपल्याकडे तोंड उघडत नाही म्हटलं की डॉक्टरला आधी खर्राच आठवणार. सुपारीनं गालाची आतली चामडी पांढरी, ताठ होत जाते, तिखट लागलं की आग होते, आणि तोंड हळूहळू कमी उघडते. तो आजार वेगळा, त्यातून पुढं कॅन्सर होऊ शकते. माझे गाल मऊ होते, म्हणजे माझं दुखणं सांध्याचं.

मग त्यांनी दोन्ही कानांसमोर बोटं ठेवली, गालाचे स्नायू दाबले (मी ओरडलीच), पट्टीनं तोंड मोजलं. २६ मिलीमीटर. साधारण ४० ते ५० उघडायला पाहिजे, म्हणजे स्वतःची तीन बोटं उभी आत गेली पाहिजे. मग समजावून सांगितलं की खालच्या जबड्याच्या टोकाला गोळा राहते, तो कानासमोरच्या खाचेत बसते, आणि दोघांच्या मधात एक चकती राहते. ती चकती पुढं सरकली की कट् आवाज, आणि सरकलेली परत जागेवर आली नाही की तोंड अडकते. मी शिवणकाम करते, मला लगेच कळलं, मशीनचा पट्टा चाकावरून उतरल्यासारखं. तिथं कान इतका जवळ आहे की दुखणं कानाचंच वाटते.

आणि कारण विचाराल तर ते माझ्याच तोंडात होतं. लग्नसराईत दिवसाला चार-पाच ब्लाऊज, मान खाली, आणि प्रत्येक धागा दातानं तोडायचा, सुई दातात धरायची. पुढच्या दाताला बारीक खाच पडलेली मॅडमनं आरशात दाखवली. शिवाय दाढा घासलेल्या. घरी येऊन मिस्टरांना विचारलं तर ते म्हणे, "रात्री दात करकर वाजवते तू, वर्ष झालं असेल." वर्षभर एका शब्दानं बोलले नाहीत!

ऑपरेशन नाही, इंजेक्शन नाही. थोडे दिवस सूज-दुखण्याची गोळी, रोज दोनदा गरम पाण्यात पिळलेला टॉवेल पंधरा मिनिटं गालावर, आणि महिनाभर मऊ जेवण. मुगाची खिचडी, आंबील, दुधात कुस्करलेली भाकर. फुटाणे, ऊस, रोडगे बंद. जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरायची. मोबाईल खांद्यात दाबून बोलायचं नाही. आणि सगळ्यात कामाची गोष्ट, ओठ मिटलेले पण दात सुटे, जीभ वरच्या टाळूला टेकलेली. मला वाटायचं दात एकमेकांवर बसलेलेच राहतात, तर नाही, ते जेवताना-गिळताना टेकतात, बाकी वेळ सुटेच पाहिजे. मी मशीनवर लाल कापडाचा तुकडा चिकटवला, तो दिसला की दात सोडायचे. पहिल्या दिवशी किती वेळा आवळलेले सापडले ते मोजताच आलं नाही.

मग नाईट गार्ड. वरच्या-खालच्या दातांचं माप घेतात, गार पेस्ट तोंडात दोन-तीन मिनिटं, आणि काही दिवसांनी पारदर्शक कडक प्लॅस्टिकचं कव्हर मिळते. ते फक्त रात्री. मला अडीच हजार लागले. रंगीत कागद चावायला देऊन ज्या ठिकाणी जास्त टेकते तिथं घासून देतात, आणि हे तीन वेळा करावं लागलं, म्हणून बसवून घेतलं आणि परत गेलंच नाही असं करू नका. सुरुवातीचे चार दिवस लाळ फार सुटली. धुवायचं थंड पाण्यानं, गरम पाण्यात वाकडं होते. बाजारात मिळणारं मऊ गार्ड मी आधी मागवणार होती, मॅडमनं नाही म्हटलं, माझे दात आवळायची सवय त्यानं वाढू शकली असती.

गार्डनं चकती जागेवर गेली असं नाही हं. कट् आवाज अजून कधीमधी येतो, पण न दुखता आवाज आला तर त्याच्या मागं लागायचं नाही असं सांगितलंय. गार्डचं काम म्हणजे रात्री सांध्यावर येणारा दातांचा जोर कमी करणं. सोबत आरशासमोर जीभ टाळूला लावून सरळ रेषेत तोंड उघडायचा व्यायाम, सहा-सहा वेळा. तिसऱ्या महिन्यात माप ४१ आलं.

नंतर वाचताना कळलं की हा घोळ जुना आहे. १९३४ मध्ये अमेरिकेतल्या कॉस्टेन नावाच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरनं कानाचं दुखणं जबड्याशी जोडून मांडलं होतं. त्यांनी दोष दिला पडलेल्या दाढांना आणि त्यामुळं चावा (वरचे-खालचे दात एकमेकांवर बसतात तो) जास्तच खाली बसण्याला, ते कारण पुढं टिकलं नाही, पण दातांतच खोट शोधायची सवय राहिली. म्हणून दुखणं सांध्याचं असेल तर सुरुवातीलाच दाढ काढणं, दात घासून चावा बदलणं, तारा लावणं याला घाई करू नका. काढलेली दाढ परत बसत नाही, गार्ड मात्र काढून ठेवता येते. हां, ताप-सूज असेल, गाठ लागत असेल, तोंड उघडंच राहून बंद होत नसेल तर त्याच दिवशी जा. आणि जबड्यासोबत छातीत दाबल्यासारखं, घाम येत असेल तर दाताचा दवाखाना नाही, सरळ हृदयासाठी मोठा दवाखाना.

माझ्या तोंडाचं माप चालू होतं तेव्हा धाकटे दीर सोबत होते. त्यांनी गंमत म्हणून आपली बोटं घालून पाहिली तर दोनच गेली, आणि त्यांच्या खिशात खर्ऱ्याची पन्नी होती. मॅडमनं तिथंच त्यांचे गाल पाहिले, आतून पांढरे पट्टे. त्यांचं सांध्याचं नाही. खर्रा सोडून आता अडीच महिने झाले, मधात एकदा सुटलं नाही, परत सुरू केला, परत सोडला. तोंड उघडायचा व्यायाम आणि औषध चालू आहे, दर महिन्याला तपासणी आहे. येत्या मंगळवारी आम्ही दोघंही जाणार, माझं गार्ड दाखवायला आणि त्यांचं माप घ्यायला.