मोठे इंजेक्टर आणि थरथरणारं आयडल

आज दिवसभर एकच काम: मिनिटाला २४० सीसी पेट्रोल फवारणारे इंजेक्टर काढून ४४० चे बसवलेली गाडी. रेस दिली की झकास, सिग्नलला थांबली की थरथर.

फ्लो स्केलिंग, म्हणजे मोठ्या इंजेक्टरच्या हिशोबाने फवारणीचा वेळ कमी करणं, बरोबर होतं: २४० भागिले ४४०, म्हणजे ०.५४५. गडबड होती डेड टाइममध्ये. करंट मिळाल्यापासून इंजेक्टर प्रत्यक्ष उघडेपर्यंत जो वेळ जातो, तो जुन्या इंजेक्टरचाच ईसीयूत (इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये) राहिला होता. आयडलला, म्हणजे रेस न देता इंजिन चालू असताना, पल्स (इंजेक्टरला करंट मिळण्याचा वेळ) जेमतेम २ मिलिसेकंदांचा. त्यात ०.९ डेड टाइम गेला की पेट्रोल पडायला उरतात १.१. इथे ०.२ ची चूक म्हणजे १८ टक्के पेट्रोल इकडचं तिकडे! फुल लोडवर पल्स १२ चा असतो, तिथे तीच चूक जाणवतही नाही.

ओळखायचं कसं? इंजिन गरम करा, क्लोज्ड लूप (ईसीयूने पेट्रोल आपोआप कमी-जास्त करणं) बंद ठेवा, मग हेडलाइट, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर लावा. व्होल्टेज उतरल्याबरोबर वाइडबँडवरचा (एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजनवरून हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा सेन्सर) आकडा सरकला, तर डेड टाइमचं टेबल चुकलंय. व्होल्टेज कमी तसा डेड टाइम जास्त, म्हणून एकच आकडा सगळीकडे भरून चालत नाही.

त्याआधी इंजेक्टरच्या ओ-रिंगभोवती (रबरी सीलभोवती) कार्ब क्लीनर जपून मारून हवेची गळती बघा, पण थंड इंजिनवरच. तो पेट घेतो. आणि मिसफायर होत असेल, म्हणजे पेट्रोल नीट पेटत नसेल, तर वाइडबँड खोटं लीन (पेट्रोल कमी) दाखवतो, न जळलेला ऑक्सिजन मोजतो ना! त्यावर विश्वास ठेवून पेट्रोल वाढवत बसलं की प्लग काळे झालेच.