क्लॅरिनेटचे खालचे स्वर

आज दुपारी घरात एकटीच होते, म्हणून मोत्सार्टचा क्लॅरिनेट कॉन्चेर्तो, म्हणजे एकल क्लॅरिनेट आणि वाद्यवृंदासाठीची रचना, सलग दोनदा ऐकला. इतकी वर्षे ही रचना मी नेहमीच्या क्लॅरिनेटवर ऐकत आले. बॅसेट क्लॅरिनेटवर, म्हणजे आणखी खालचे स्वर देणाऱ्या क्लॅरिनेटवर, मात्र आज पहिल्यांदाच ऐकली. मोत्सार्टने ती १७९१ मध्ये, मृत्यूच्या जेमतेम दोन महिने आधी, अंतोन श्टाडलर या वादक मित्रासाठी पूर्ण केली, आणि श्टाडलरचे वाद्य साध्या क्लॅरिनेटपेक्षा चार अर्धस्वर खाली उतरत असे. मूळ हस्तलिखित हरवले आणि छापील आवृत्तीत हे खालचे स्वर वरच्या सप्तकात गेले. आज ते आपल्या जागी ऐकताना, जिना उतरता उतरता आणखी एक पायरी सापडावी, तसे वाटले.

संथ भागात क्लॅरिनेट हलकेच धून मांडतो आणि मग सारा वाद्यवृंद ती उचलतो, तिथे दोन्ही वेळा डोळे भरून आले. या वाद्यवृंदात ओबो ही धारदार नादाची फुंकवाद्ये नाहीत, म्हणूनच कदाचित त्याचा नाद इतका मऊ आहे. एल्गारचा १९१९ चा चेलो कॉन्चेर्तोही मला फार प्रिय आहे, पण आज तो लावावासा वाटला नाही.

आता रात्री पुन्हा तोच संथ भाग लावला आहे.