सोयाबीन, बुजगावणं आणि जॉन मेलनकॅम्प : फार्म एड २०२३ ला जाऊन आलो त्याचा वृत्तांत

लिहीन लिहीन म्हणत राहूनच गेलं होतं, पण परवा ऑफिसात नवीन आलेल्या एका पुणेकर पोराने विचारलं की इथे बघण्यासारखं काय आहे, तेव्हा म्हटलं एकदाचं लिहून टाकू.

मी लातूरकडचा, कॉलेज आणि पहिली नोकरी पुण्यात, आता कोलंबस, इंडियाना. (ओहायोवालं कोलंबस नाही, हे दर वेळी सांगावं लागतं.) इंजिनं बनवणाऱ्या कमिन्स कंपनीचं मुख्यालय इथेच असल्यामुळे पन्नास हजारांच्या या गावात संध्याकाळी पार्कात चक्कर मारली की दोन-चार मराठी घरं तरी भेटतातच. आणि इथून दक्षिणेला साधारण वीस मैलांवर सीमोर नावाचं छोटं गाव आहे, तिथे १९५१ मध्ये रॉक गायक जॉन मेलनकॅम्प जन्मला. मला आधी हे नाव माहीतही नव्हतं. आमच्याकडे एक साठीचे काका काम करतात, ते सीमोरचेच, त्यांच्या तोंडी तो कायम 'आमचा जॉन', जसं काही कालच पारावर भेटला होता. त्यांनीच सांगितलं की पहिल्या रेकॉर्डवर मॅनेजरने याला न विचारता 'जॉनी कूगर' असं नाव छापून टाकलं होतं, आणि ते चिकटलेलं नाव सोडवायला बिचाऱ्याला पंधराएक वर्षं लागली.

तर हे काका म्हणाले, सप्टेंबरात फार्म एड इंडियानात आहे, जॉन येणार म्हणजे येणारच, तू शेतकऱ्याचा पोरगा, तू यायलाच पाहिजे.

फार्म एड काय ते थोडक्यात सांगतो. १९८५ च्या जुलैमध्ये आफ्रिकेतल्या दुष्काळग्रस्तांसाठी पैसे जमवणाऱ्या लाइव्ह एड या गाण्यांच्या कार्यक्रमात, स्टेजवर गायक बॉब डिलन सहज बोलून गेला की या पैशातले थोडे आपल्या अमेरिकेतल्या कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यांना दिले तर बरं होईल. त्यावर बरीच टीका झाली, पण गायक विली नेल्सनने ते मनावर घेतलं, नील यंग आणि मेलनकॅम्प या दोघा गायकांना सोबत घेतलं आणि सप्टेंबरात इलिनॉयमधल्या शॅम्पेनला शेतकऱ्यांच्या मदतीसाठी गाण्यांचा पहिला कार्यक्रम उभासुद्धा केला. तेव्हापासून जवळजवळ दर वर्षी होतो, गाव बदलतं. १९८७ मध्ये विली आणि मेलनकॅम्प सिनेटच्या समितीपुढे शेतकऱ्यांची बाजू मांडायलाही गेले होते, म्हणजे नुसती गाणी म्हणून घरी गेले असं नाही.

२३ सप्टेंबर २०२३, शनिवार, नोबल्सव्हिलचं रुऑफ म्युझिक सेंटर. कोलंबसहून आय-६५ हायवेने वर, इंडियानापोलिसला आय-४६५ या रिंगरोडचा वळसा, मग आय-६९, सगळं मिळून सव्वा-दीड तास. खरं सांगू का, माझं अर्धं लक्ष रस्त्याच्या कडेलाच होतं. दोन्हीकडे मका वाळून खडखडीत, आणि मध्ये मध्ये सोयाबीनचे पिवळे पडलेले पट्टे, पान गळायला लागलेलं. आमच्याकडेही सोयाबीन याच दिवसांत काढणीला येतं. बायको म्हणाली, तू गाडी चालवतोयस की पीक पाहणी करतोयस.

आता ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी कामाचं. छपराखालच्या खुर्च्या महाग, मागचं हिरवळीवरचं तिकीट स्वस्त, आम्ही हिरवळीचं घेतलं, तेही विक्री सुरू झाली त्याच दिवशी. हिरवळीला चांगला उतार आहे त्यामुळे स्टेज दिसतं, माणसं मात्र बोटाएवढी, चेहरे स्क्रीनवरच बघायचे. लवकर जा, मधोमध जागा धरा आणि जाड चादर न्या. बॅगेचा नियम आधी वाचा, मी वाचला नाही, पाठीवरची सॅक घेऊन गेलो आणि ती ठेवायला परत पार अर्धा मैल गाडीपर्यंत चालत गेलो, चूक माझीच. खुर्ची, पाण्याची बाटली यांचेही नियम जागेप्रमाणे बदलतात. दुपारी डोकं तापेल असं ऊन आणि रात्री गारठा, टोपी आणि जाकीट दोन्ही पाहिजे. कानात घालायचे बोळे लहान मुलांसाठी तरी न्याच.

आणि फक्त मेलनकॅम्पसाठी जात असाल तरी संध्याकाळी उगवू नका. दुपारी गाण्यांपेक्षा मला स्टॉलच जास्त आवडले. एका स्टॉलवर पाण्याच्या दोन उभ्या बरण्या, दोन्हींत जाळीवर एकेक मातीचं ढेकूळ. एक दर वर्षी नांगरलेल्या रानातलं, ते बघता बघता विरघळलं आणि पाणी गढूळ. दुसरं न नांगरलेल्या रानातलं, मुळ्यांनी धरून ठेवलेलं, ते तसंच्या तसं. मी तिथे वीस मिनिटं उभा, त्या शेतकरीण बाईंना आमच्या काळ्या मातीबद्दल सांगत बसलो, उन्हाळ्यात हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात म्हटल्यावर त्यांनी डोळेच मोठे केले. खाण्याचंही इथे वेगळं आहे, पदार्थांचा माल छोट्या शेतकरी कुटुंबांकडून घेतलेला असावा असा फार्म एडचा आग्रह असतो. शाकाहाऱ्यांचे हाल होत नाहीत. आम्ही कणीस घेतलं, बायकोच्या पर्समध्ये तिखट-मिठाची पुडी होती, लिंबू तेवढं नव्हतं. शेजारच्या चादरीवरच्या आजोबांनी पण पुडी मागून घेतली आणि नंतर बराच वेळ पाणी पीत होते.

मेलनकॅम्प अंधार पडल्यावर आला. वय ७१, पंधरा दिवसांनी ७२ होणार होता. आवाज आता पार घोगरा झालाय, आयुष्यभर सिगरेट ओढलेला माणूस, १९९४ मध्ये हार्ट अटॅक येऊन गेला तरी सोडली नाही. जुन्या रेकॉर्डवरचा तो चढा, तरणा आवाज डोक्यात ठेवून गेलात तर पहिली दहा मिनिटं नाराज व्हाल. मी झालो. मग हळूहळू कळायला लागलं की गाण्यांना हाच आवाज शोभतोय. 'स्मॉल टाउन' सुरू झालं तेव्हा मात्र काही ऐकूच येईना, कारण आख्खी हिरवळ गात होती, आमचे काका दोन्ही हात वर करून, डोळे मिटून.

पण मी ज्याच्यासाठी हे लिहितोय ते 'रेन ऑन द स्केअरक्रो'. पावसात भिजणारं बुजगावणं. १९८५ चंच गाणं, सीमोरच्याच शाळेतल्या मित्राबरोबर, जॉर्ज ग्रीनबरोबर लिहिलेलं. ड्रम असा वाजतो की दारावर कोणी थापा मारतंय. गाण्यात जमिनीचा लिलाव पुकारायला येणारा माणूस जुना मित्रच निघतो आणि म्हणतो, माझं कामच आहे रे हे. २०१६ ला मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं त्या साली आमच्या सातबाऱ्यावर बोजा होता आणि सोसायटीचा माणूस वसुलीला घरी यायचा, तोही अण्णांचा वर्गमित्रच. चहा घ्यायचा, मान खाली घालून कागद पुढे सरकवायचा. मला गाण्याचे सगळे शब्द समजले असंही नाही, पण तो वसुलीवाला काका असा काही डोळ्यापुढे आला की मी चादरीवरून उठून जरा बाजूला जाऊन उभा राहिलो. बायकोने काही विचारलं नाही.

नील यंगपण झाला, तो वेगळा विषय, त्याच्यावर लिहायला बसलो तर हे संपायचं नाही. आणि यादीत नाव नसताना बॉब डिलन आला! स्टेजवर जेमतेम उजेड, टॉम पेटीच्या हार्टब्रेकर्स बँडमधली मंडळी साथीला, तीन गाणी आणि गेला. आमच्या आजूबाजूच्या निम्म्या लोकांना पहिलं गाणं अर्धं होईपर्यंत पत्ताच नव्हता. म्हणून सांगतो, शेवटपर्यंत थांबा, पार्किंगच्या भीतीने लवकर निघू नका. सांगता नव्वदीतला विली नेल्सन करतो, आणि त्या वयात माणूस गिटार घेऊन बसलेला बघणं हेसुद्धा काही कमी नाही.

मेलनकॅम्पचा एकट्याचा थिएटरमधला कार्यक्रम बघायचा असेल तर तो प्रकार निराळा, तिथे तो मध्येच गोष्टी सांगतो आणि लोकांनी गप्प बसावं अशी अपेक्षा असते, २०२४ ला टोलेडोत प्रेक्षकांच्या आरडाओरड्यावर चिडून स्टेज सोडून गेला होता. तेव्हा तिथे नाट्यगृहात बसतो तसं बसा. आणि इकडे आलातच तर सीमोरला चक्कर मारा, गिटारच्या दुकानाच्या भिंतीवर त्याचं भलंमोठं चित्र रंगवलंय, एक तरुण मेलनकॅम्प आणि एक म्हातारा.

बाहेर पडताना गाडी कुठे लावली ते आठवेना. येताना रांगेचा फोटो काढून ठेवा, एवढं ऐकाच. गाडी सापडली तर पुढे लाल दिव्यांची न हलणारी रांग. साडेबारा वाजले होते, म्हणजे लातूरला सकाळचे दहा. अण्णांना फोन लावला.

"कुठं हायस रं एवढ्या रातीचा?"

सांगितलं सगळं, गाणं, लिलाव, वर्गमित्र. ते बराच वेळ ऐकत होते. २०२३ चा ऑगस्ट आख्खा कोरडा गेला होता, शेंगा भरल्याच नव्हत्या, आठवड्यापूर्वी त्यांनीच सांगितलेलं.

"म्हंजी तिकडं बी वसुलीला वळखीचाच माणूस धाडत्यात का?"

"हो अण्णा, गाण्यात तरी तसंच आहे."

"त्यो चहा तरी पितो का?"

मी हसलो, तेवढ्यात पुढची गाडी हलली आणि मागच्याने हॉर्न दिला.